ब्रोदा, वोंस आणि शुक्रवार पेठेतली एक मिशी

शुक्रवार पेठ, सोलापूर
गुरुवार, सकाळचा चहा झाल्यावर

चट् फट्, चट् फट्, चट् फट्. होटगी स्टेशनामागच्या पिंपळाखाली चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजल्याचा आवाज. हा आवाज चार दिवस माझ्या कानातून हलायला तयार नाही, म्हणून आधी तो कागदावर उतरवून घेतला आणि मायना मागे ठेवला. (शाळेत असं करणाऱ्या पोराचे मी दोन मार्क कापत असे.)

तीर्थस्वरूप मल्लप्पाअण्णा यांच्या चरणी धाकट्या महादेवप्पाचे शरणु शरणार्थी. आपण, धनलक्ष्मीवहिनी आणि जेऊरची केळीची बाग, तिघंही खुशाल असाल अशी आशा आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं ऐकलं. गुडघा काय म्हणतो? आपली प्रकृती ठणठणीत असल्याचं दोन ओळींत उलटटपाली कळवावं, त्यावर तारीख घालावी आणि सही स्वतःच्या हातानं ठसठशीत करावी. या शेवटच्या मागणीचं कारण पुढं येईल. ते येईपर्यंत आपण खुर्चीत टेकून बसावं आणि वहिनींना पाण्याचा तांब्या जवळ ठेवायला सांगावं.

सोळा वर्षांत हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. तुम्ही लग्नाकार्याला आलात, जेवलात, शिवम्माशी बोललात, नातीच्या डोक्यावरून हात फिरवलात, पण माझ्याशी बोलला नाहीत. फोनवर माझा नंबर दिसला की तुम्ही फोन पालथा ठेवता, हे वहिनींनीच सांगितलंय. म्हणून हा कागद. माझी काळजी एवढीच की सोलापुरातून तुमच्याविषयी जी बातमी निघाली आहे ती या पत्राच्या आधी जेऊरला पोचू नये. टपालाला तीन दिवस लागतात आणि बातमीला किती, ते आता देवच जाणे.

सुरुवात आपल्या सिद्धेश्वरीपासून करतो. पोरगी पोलंडात भाषांचा अभ्यास करते हे तुम्हाला माहीत आहे. तिनं प्रबंधाला विषय घेतलाय दाढीमिशीचा. म्हणजे स्लाव्ह म्हणून जी मंडळी आहेत, रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन वगैरे, त्यांच्या भाषांत दाढीला आणि मिशीला काय म्हणतात, आणि ते शब्द कुठून आले. शिवम्मा म्हणाली, एवढा विमानखर्च करून पोरगी हजामतीचा अभ्यास करायला गेली होय. मला मात्र हा विषय असा भावला की बावीस वर्षांचा असताना पहिल्यांदा वर्गावर गेलो होतो तसं वाटायला लागलं. दर रविवारी सकाळी ती फोनवर शिकवते आणि मी वही घेऊन बसतो.

तुम्हालाही सांगतो, मजा आहे. या सगळ्या मंडळींचं मूळ घराणं एकच. त्या घरात दाढीला ‘बोर्दा’च्या जवळपासचा काही शब्द होता. (लॅटिनातला ‘बार्बा’ त्याचा दूरचा चुलतभाऊ, आणि इंग्रजीतला बार्बर त्या बार्बाचा नातू.) पुढं भाऊ भाऊ वेगळे निघाले. रशियन म्हणतो ‘बरादा’, त्याची दाढी शाबूत. पोलिश म्हणतो ‘ब्रोदा’, त्यात दाढीही आली आणि दाढीखालची हनुवटीही आली. चेकाकडं ‘ब्रदा’ म्हणजे आता बहुतेक नुसती हनुवटीच, दाढी त्यातून कधी गळून पडली ते त्यालाही आठवत नाही. मग दाढीला शब्द हवा, तर त्यानं काय करावं? मिशीचा उचलला. शेजारच्या पोलंडात मिशी म्हणजे ‘वोंस’, त्याचाच सख्खा भाऊ चेकाकडं ‘वोउस’, तो दाढीच्या गादीवर बसला. रशियनाकडं तोच ‘उस’ होऊन मिशीवर टिकून राहिला. बल्गेरियन तर सरळ ग्रीकांकडून ‘मुस्ताक’ घेऊन आला आणि सर्बियाचा माणूस ‘ब्र्क’ म्हणून मोकळा झाला. एका घरातली भांडी वाटून घेताना तांब्या एकाकडं आणि झाकण दुसऱ्याकडं जावं, तशातली गत.

त्यात ‘वोंस’मधला तो अनुस्वार पाहा. मूळ घरातला तो नाकातला सूर बाकी साऱ्या भावंडांनी टाकला, एकट्या पोलिशानं जपून ठेवला. मला एकदम आपली जुनी क्रमिक पुस्तकं आठवली. ‘कां’वर टिंब, ‘नांव’वर टिंब, कवितेच्या पानावर तर तीळ सांडावेत तशी टिंबं. मग सरकारनं एके दिवशी ती पुसून टाकली. तुमच्या पुस्तकांत ती होती, माझ्यापर्यंत येता येता गेली. पुस्तकं तुमचीच मी वापरायचो, त्यामुळं मला दोन्ही पद्धती आल्या आणि परीक्षेत दोन्हींचे मार्क गेले. (सिद्धीला मी आपली मिशी, कन्नडातली ‘मीसे’ आणि साखर पेठेतल्या विणकरांची तेलुगू ‘मीसम्’ अशी तीन भावंडं दिली. यात कुणी कुणाकडून घेतली यावर विद्वानांचं अजून जमलेलं नाही, असं तिनं आदरपूर्वक सांगितलं.)

आता रविवारचं ऐका. शिवम्मा शनिवारीच अक्कलकोटला बहिणीकडं गेलेली, म्हणजे घरात अडवणारं कुणी नाही. मी चनबसप्पाच्या दुकानात मिशीची टोकं सारखी करायला बसलो. चनबसप्पा अजून वस्तऱ्यानं काम करतो. ब्लेड बदलतो, पण हत्यार वडिलांचं. चोपन्न वर्षांत ही मिशी त्यानं आणि त्याआधी त्याच्या वडिलांनीच राखली, तिसऱ्या हाताला ठाऊक नाही. साबण लागला आणि तेवढ्यात सिद्धीचा फोन. समोर आरशाला टेकवून ठेवला. तिनं विचारलं, मागचा धडा पाठ झाला का आजोबा? आता पस्तीस वर्षं कविता शिकवलेल्या माणसाला असं विचारायचं नसतं. मी आठवडाभर खपून त्या सगळ्या शब्दांना भुजंगप्रयातात बसवलं होतं. म्हणालो, ऐक.

बरादा म्हणावे रशी माणसाने
म्हणे पोल ब्रोदा तयाच्या हनूला
परी ओठ झाकी तया वोंस बोला

(दुसऱ्या ओळीत ‘ब्रो’पाशी वृत्त जरा लंगडतं. पोलिश माणूस तिथं बसायलाच तयार नव्हता.)

तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. कविता मी कधी नुसती म्हटली नाही, हातवाऱ्यांसकट म्हटली. ‘हनूला’ला हनुवटीवर बोट नेलं, तेव्हा चनबसप्पानं वस्तरा शिताफीनं मागं घेतला. मला वाटलं, याला चाल समजली. तिसऱ्या ओळीत ‘वोंस’ला मी डाव्या हातानं मिशीला पीळ द्यायला गेलो आणि कोपर त्याच्या मनगटावर आदळलं. काही दुखलं नाही. फक्त ओठाच्या डाव्या बाजूला फार वर्षांनी वारा लागला. चनबसप्पा वस्तऱ्याकडं बघत राहिला. सिद्धीनं पोलंडातून ते सगळं पाहिलं, हसू दाबत म्हणाली, आजोबा, वोंस गेला. उरलेला अर्धा ठेवून पेठेतून चालणं शक्य नव्हतं. दोघांनी मिळून त्यालाही निरोप दिला. चनबसप्पानं त्या दिवशी माझ्याकडून काही घेतलं नाही आणि मी दिसेनासा होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. हीच आमची पहिली चूक. न्हावी असा उभा राहिला की लोकांना वेगळंच वाटतं.

घरी जाताना मी टॉवेल तोंडावर धरला होता. लाज वाटत होती हो. वरचा ओठ म्हणजे शेजारच्या घरचं पोर वाटावं इतका परका आणि गोरा. तर समोरून कस्तुराबाई. ही आमच्या गल्लीकडच्या खोलीत राहते, मूळची सांगोल्याकडची, नवऱ्याच्या मेंढ्या अजून गावी आहेत. तिच्या गावात माणसानं मिशी उतरवली म्हणजे घरातलं थोरलं माणूस गेलं, एवढं पक्कं. आपल्या लिंगायतांत तशी रीत नाही, आपण सुतकसुद्धा पाळत नाही, पण गल्लीला शास्त्र कुठं समजावत बसता. तिनं माझा चेहरा पाहिला, टॉवेल पाहिला, लांब पायरीवर उभा चनबसप्पा पाहिला आणि कपाळाला हात लावला. मी बोललो असतो तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण बोलायला टॉवेल काढावा लागला असता. मी मान खाली घालून घरात शिरलो आणि कडी लावली. मला थोरलं माणूस जगात एकच आहे, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे.

पाण्याचा तांब्या जवळ आहे ना?

दुपारी कस्तुराबाई ज्वारीच्या चार भाकरी आणि पिठलं घेऊन आली. म्हणाली, “मास्तर, कडू घास हाय, न्हाय म्हनू नका. भांडान आसलं तरी भाऊ त्यो भाऊच की.” पिठलं फार चांगलं झालं होतं, अण्णा. शिवम्मा गावाला, सकाळपासून चहावर होतो. ताट पुढं असताना मृत्यूची बातमी खोडून काढणं मला कसंसंच वाटलं. म्हटलं जेवून सांगू. जेवून डोळा लागला.

जागा झालो तो दारात गुंडा. (नाव गुंडा, स्वभाव गरीब. वय चाळिशीचं, फ्लेक्स छापायचा धंदा. माझा सातवी ब मधला विद्यार्थी, ऱ्हस्व-दीर्घाचा कायमचा वैरी.) त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. छापायला जायचा मजकूर होता. आता मी काय करावं? साधा माणूस म्हणाला असता, अरे थांब, अण्णा जिवंत आहेत. माझी नजर गेली ‘श्रध्दांजलि’वर. मी चष्मा लावला, ‘द्ध’ कसा लिहायचा ते त्याला बोटानं हवेत काढून दाखवलं, ‘ली’ दीर्घ केली, ‘भावपुर्ण’चा ‘पू’ दुरुस्त केला. ‘शोकाकूल’मधला दीर्घ ऊ ऱ्हस्व करेपर्यंत तो माझ्या पाया पडून निघून गेलासुद्धा. सर, तुम्ही तपासलंत म्हणजे आता चूक नाही, असं जाता जाता म्हणाला. चाळीस वह्यांच्या गठ्ठ्यासमोर बसावं तसा मी त्या मजकुरासमोर बसलो, आणि मजकूर काय आहे तो वाचायचाच राहिला.

सोमवारी सकाळी कोपऱ्यावर दहा बाय सहाचा फ्लेक्स लागला. शुद्धलेखन निर्दोष. नाव तुमचं. फोटो माझा. तुमचा फोटो कुणाकडंच नव्हता, तेव्हा गुंडानं माझ्या निवृत्तीच्या समारंभातला घेतला, भाऊ भाऊ दिसायला एकच म्हणून. त्यात मिशी आहे, अण्णा, दोन्ही टोकं वर वळलेली. मी बराच वेळ तिच्याकडं पाहत उभा राहिलो. लोकांना वाटलं, तुमच्याकडं पाहतोय.

इथवरचं सगळं हसण्यावारी न्या. पुढचं मात्र मला तुम्हाला सांगितलंच पाहिजे, कारण ते चुकून झालेलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा होती. मी खरं सांगायच्या तयारीनंच गेलो. गुंडानं मोबाईलवर दोन मिनिटं लावली आणि तीस-चाळीस माणसं तुमच्यासाठी उभी राहिली, मीही राहिलो. मग माईक माझ्या हातात आला. पहिलं वाक्य मनात तयार होतं: मंडळी, गैरसमज झालाय. तोंड उघडलं आणि आलं ते वेगळंच. मी होटगी सांगायला लागलो. पिंपळ, पट्ट्यावरचा वस्तरा, चट् फट् चट् फट्. तुम्ही सतरा वर्षांचे, ओठावर कोवळी मिसरूड, आणि तुम्ही नापितापुढं उकिडवे बसलेले, कारण दुसऱ्या दिवशी लोको शेडमध्ये नोकरीसाठी साहेबापुढं उभं राहायचं होतं. मी बारा वर्षांचा, शेजारी तुमचं दप्तर धरून उभा. हजामत झाल्यावर तुम्ही दप्तर परत घेतलं नाहीत. म्हणालात, “ठेव, आता तुझंच ते.” एवढंच. मी घरी येईपर्यंत त्यातलं कवितेचं पुस्तक उघडून वाचत होतो. तुम्ही काय सोडलं ते मला कळलंच नाही, मला पुस्तक मिळालं याचा आनंद झाला होता.

हे मी सांगितलं. पुढं हेही सांगितलं की निवृत्तीच्या दिवशी मी पाऊण तास बोललो, खडूफळ्याचे आभार मानले, शाळेच्या घंटेचे मानले, सगळ्या कवींचे मानले, आणि पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या माणसाचं नाव घेतलं नाही. तुम्ही जेवणाआधीच उठून गेलात आणि मी, वेडा, म्हणालो की अण्णांना गाडी गाठायची असेल.

कस्तुराबाई रडली. चनबसप्पा मागं भिंतीला टेकून रडला. मी खाली बसलो. तुम्ही जिवंत आहात हे सांगायचं राहून गेलं असं म्हणू शकलो असतो. पण राहून गेलं नाही, मी सांगितलं नाही. सोळा वर्षांत ते बोलायला मला जागा मिळाली नव्हती, आणि मिळाली ती तुमच्या मरणावर. हातची सोडवेना.

(सिद्धी सांगते, प्रशियन नावाची एक जुनी भाषा होती, ती मरून तीनशे वर्षं झाली. पण कुणीतरी तिच्यातल्या शब्दांची एक यादी करून ठेवली होती. त्यात एक शब्द सापडला, ‘वान्सो’. वोंसाचाच नातलग. अर्थ काय म्हणाल? पहिली मिसरूड. सगळी भाषा गेली, मिसरूड तेवढी उरली. मागं एका रविवारी मी हे ऐकलं आणि दिवसभर मला काही सुचेना.)

काल शिवम्मा परतली. रिक्षा कोपऱ्यावर आली तर समोर माझा फोटो आणि श्रद्धांजली. ती किंचाळणार तेवढ्यात नाव वाचलं, मग तुमच्यासाठी किंचाळली. घरात आली तर पाटावर बिनमिशीचा एक म्हातारा भाकरी खात बसलेला. ओळखायला तिला वेळ लागला, आणि ओळखल्यावर जे बोलली ते अर्धं कन्नडात होतं, लिहीत नाही. सगळी हकिकत ऐकून घेतली, भांडी आपटली, मग शांतपणे म्हणाली, “मेल्यावर बोलायचं ते बोलून झालं. साकु, पुरे. आता जिवंतपणी बोला की जरा त्या माणसाशी.” आणि पुढ्यात हा कागद आणून ठेवला.

कळावे. चुकलंमाकलं पोटात घालावं. वहिनींना शरणार्थी.

आपला धाकटा,
महादेवप्पा

ता. क. – आपला एक चांगला, मिशीसकट फोटो पाठवावा. गुंडाचं म्हणणं, झाली गोष्ट दुरुस्त करता येते. त्याच फ्लेक्सवर ‘वरील गृहस्थ हयात आहेत’ अशी पट्टी चिकटवून देतो म्हणतो. ‘हयात’चा ‘त’ त्यानं पाय मोडून लिहिला होता, तो मी दुरुस्त करून दिलाय.

आणखी ता. क. – वर मी लिहिलं की निवृत्तीच्या दिवशी तुमचं नाव घेतलं नाही. ते विसरलो नव्हतो. तुमचं नाव मी शेवटी ठेवलं होतं, कवितेत सगळ्यात चांगली ओळ शेवटी ठेवतात तसं. शेवटापर्यंत पोचायच्या आत मुख्याध्यापकांनी गळ्यात हार घातला आणि लोक टाळ्या वाजवत उठले. हे कारण खरं आहे. पुरेसं नाही, हेही कळतं. आधी घ्यायचं नाव मी शोभेसाठी मागं ठेवलं.

शेवटचं ता. क. – खरं म्हणजे फोटो नको. तुम्हीच या. रविवारी सकाळची गाडी आहे. फक्त एवढं करा की कोपऱ्यावरून गल्लीतून येऊ नका, मागच्या बाजूनं या, म्हणजे कस्तुराबाईला धक्का बसणार नाही आणि मला तिचं पिठलं कोणत्या तोंडानं खाल्लं ते सांगावं लागणार नाही. थांबा, कडी वाजतेय. शिवम्मा गेली दार उघडायला.

अण्णा, दारात धनलक्ष्मीवहिनी उभ्या आहेत. एकट्याच, हातात पिशवी. शिवम्मानं विचारलं, अण्णा कुठायत? वहिनी आधी ओटीवर टेकल्या, पाणी प्यायल्या. गुंडानं माझ्या भाषणाचा व्हिडिओ कुठल्याशा ग्रुपवर टाकला होता, तो फिरत फिरत जेऊरच्या रेल्वे पेन्शनरांकडं आला. तुम्ही काल तो तीनदा ऐकलात आणि आज पहिल्या गाडीला येऊन बसलात, असं त्या सांगतायत. मग माझ्या ओठाकडं बघून पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “भावजी, ते कोपऱ्यावर उभे आहेत. त्या फ्लेक्सपुढं. गर्दी जमलीय. हलतच नाहीत. म्हणतात, नाव माझं आणि तोंड त्याचं, हे आपल्याला चालायचं नाही. त्याला बाहेर बोलाव.”

हे पत्र आता टपालात टाकायला नको. आलो, अण्णा.